भरतीला एक ठोका

ज्या वर्षी देवखोलची शाळाही सड्यावर हलवली, त्या वर्षापासून खाली किनाऱ्यावर रोज उतरणारं माणूस एकच उरलं. वैजयंता तांडेल. समुद्र चढत चढत जुन्या बाजारापर्यंत आला होता. माडांचे नुसते बुंधे पाण्यात उभे होते. देवळाचा कळस ओहोटीला वर यायचा आणि भरतीला बुडायचा. गाव वर सड्यावर, जांभ्या दगडाच्या पठारावरच्या नव्या घरांत राहायला गेलं होतं आणि खालच्या गावाविषयी बोलताना मेलेल्या माणसाविषयी बोलावं तसा आवाज उतरवत होतं.

वैजयंता किनारा मोजायच्या खात्यात कामाला होती. कड्याखाली एका सपाट दगडावर यंत्र बसवलेलं होतं. समुद्र किती चढला, कडा किती झिजला, हे ते टिपत राही. त्याच्यावर शेवाळ आणि शिंपले चढू नयेत म्हणून भरती उतरू लागली की ती तिथे जाई आणि पाणी पुन्हा फिरेपर्यंत, चांगले सहा तास, बसून राही. तिच्याआधी दोघांनी ही नोकरी कंटाळून सोडली होती. वैजयंताला कंटाळा ठाऊक नव्हता. ती मुळातच संथ होती. जेवायला बसली की सगळ्यांच्या शेवटी उठायची. प्रश्न विचारला तर विचारणारा दुसऱ्या कामाला लागल्यावर हिचं उत्तर यायचं. लग्न झालं होतं, ते वर्षभरात मोडलं. नवरा म्हणाला होता, "हिच्याशी बोलायचं म्हणजे नुसती वाट बघत बसायची." ती मुकाट्याने आक्काकडे परत आली. आक्का म्हणजे थोरली बहीण, शेवंती. आई गेली तेव्हा वैजयंता पाळण्यात होती. तिला आक्कानेच वाढवलं, आणि त्या वाढवण्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. सड्यावर आता आक्काची खानावळ होती.

यंत्राच्या बाजूला खात्याने एक कॅमेरा लावला होता. तो रोज दुपारी समोरच्या कड्याचं एक छायाचित्र घेई. चार वर्षांची छायाचित्रं जमली तेव्हा वैजयंताने ती एकामागून एक भराभर पडद्यावर पळवली. कडा कुठे ढासळतो ते बघायचं होतं. चार वर्षं मिनिटभरात डोळ्यांपुढून गेली. लाटा धुक्यासारख्या दिसल्या, गवत हिरवं झालं, वाळलं, पुन्हा हिरवं झालं.

आणि कड्याच्या पायथ्याच्या गुहेत जो मोठा खडक होता, त्याने मान वळवली.

तिने पुन्हा पाहिलं. कालवं आणि शेवाळाने माखलेला, दुमजली घराएवढा तो खडक. सुरुवातीला त्याचं तोंड समुद्राकडे होतं. हळूहळू ते इकडे फिरलं. दगडी पापण्या वर गेल्या. खाली चार डोळे होते, मळकट पिवळे, एका ओळीत. चारही डोळे ज्या जागेवर खिळले होते ती जागा वैजयंताला चांगली ओळखीची होती. तो तिचा बसायचा दगड होता.

*

खात्याने पुण्याहून डॉक्टर निरुपमा चांदोरकरांना पाठवलं. जिवंत प्राण्यांच्या शरीरातल्या वेगाचा त्यांचा अभ्यास होता. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने लाल झालेल्या या बाई आठवडाभर गुहेच्या तोंडाशी यंत्रं लावून बसल्या आणि मग आक्काच्या खानावळीत येऊन त्यांनी दोघी बहिणींना समोर बसवलं.

"त्याचं हृदय मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "भरतीला एक ठोका पडतो. मग पुढच्या भरतीपर्यंत काही नाही. पुढची भरती आली, की दुसरा ठोका."

"मग जिवंत कसा तो?" वैजयंताने विचारलं.

"उंदराचं हृदय एका मिनिटात शेकडो वेळा उडतं, हत्तीचं पंचवीस-तीस वेळा. उंदराचं आयुष्य आपल्याला केवढंसं वाटतं, पण उंदराला ते पुरतं. प्रत्येक प्राण्याचं स्वतःचं घड्याळ असतं. याचं घड्याळ इतकं सावकाश चालतं, की आपला एक तास म्हणजे त्याचा एक सेकंद. आपली दहा वर्षं म्हणजे त्याचा साधारण एक दिवस. अशा प्राण्याला मी मंदजीव म्हणते. मंद म्हणजे बुद्धीने नव्हे हं, चालीने."

"मंदजीव नाय न् काय नाय," आक्का स्वयंपाकघराकडे उठून जाता जाता म्हणाली. "गिऱ्हा तो. पाण्यातलो. माणसांक ओढून नेता. आमची आजी सांगायची."

"आजीने खोटं नाही सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी कधी तरी होड्या त्याच्यावर आपटल्या असतील. काल जिथे खडक नव्हता तिथे आज खडक, मग खलाशी बुडणारच."

मग वैजयंताने विचारलं, "त्याला मी दिसते?"

डॉक्टरांना तो प्रश्न आवडला असावा. "आपण समोरून चालत गेलो तर त्याला दिसतच नाही. बंदुकीची गोळी आपल्याला दिसते का? थोडा वेळ थांबलो तर वीज चमकल्यासारखे दिसू. पण तू रोज एकाच जागी सहा तास बसतेस. म्हणजे त्याच्या हिशेबी सहा सेकंद. मग अठरा सेकंद नाहीशी होतेस, आणि पुन्हा तिथेच येतेस. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं जग नुसतं थरथरत असतं. त्यात टिकून राहणारी एकच आकृती आहे. तू."

"म्हणून बघतो?"

"का बघतो ते मला सांगता येणार नाही. बगळाही माशाकडे असाच टक लावून बघतो."

*

त्या पावसाळ्याच्या आधी त्याचा हात पुढे येऊ लागला. होडीएवढी लांब बोटं, बोटांमध्ये पडदे, नखांच्या जागी शिंपल्यांच्या धारा. छायाचित्रं पळवून पाहिली की हात वाळूवरून सरपटत वैजयंताच्या दगडाकडे येताना दिसे. गावात घबराट झाली. खात्याने तिला जागा बदलायला सांगितलं. आक्काने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी ताटात वाढता वाढता म्हणाली, "तुका काय येड लागला काय गो? उद्या तो तुका चुरगाळून टाकीत."

"आक्का, तो किती सावकाश येता बघ," वैजयंता म्हणाली. "पाखराजवळ आपण हात नेतो तसो."

ती जागा बदलायला तयार झाली नाही. पावसाळ्यात हात दगडापाशी पोचला आणि थांबला. मग आडवा झाला, वर उचलला गेला आणि दगडावर छत धरावं तसा उभा राहिला. त्या वर्षी दर्याच्या मोठमोठ्या लाटा त्या हातावर येऊन फुटल्या. वैजयंताच्या अंगावर फक्त तुषार आले. डॉक्टरांनी छायाचित्रं तपासली, तेव्हा वारा जिकडून येई तिकडे तळहात थोडाथोडा कलत होता असं दिसलं.

"बगळा असं नाही करत," त्या म्हणाल्या.

वैजयंता त्या हाताखाली बसू लागली. थंडीत तो ऊन धरून ठेवी. भरती वळता वळता येऊन ती त्याला पाठ टेकून बसे तेव्हा तिला भरतीचा ठोका कळे. आवाज म्हणून नाही, दगडाच्या आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा. ती त्याच्याशी बोले. आक्काने कुठल्या गिऱ्हाइकाला झापलं, कुंपणावर कसली वेल चढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी लवकर बोल म्हणत नव्हतं. तिचे शब्द त्याला ऐकू जाण्याइतके लांब नाहीत हे तिला माहीत होतं. तरी ती बोले.

एकदा डॉक्टरांनी तिच्या हाताचा साचा घेऊन चुन्याचा हात तयार केला आणि दगडावर पक्का बसवला. हलत नसल्यामुळे तो त्याला स्पष्ट दिसणार होता. आठवडाभराने त्याचं एक बोट खाली उतरलं, आणि त्याचं टोक त्या चुन्याच्या तळव्यावर अलगद टेकलं. कालवाचा एक कपचाही उडाला नाही. ते बोट तिथेच राहिलं, महिना, दीड महिना झाला तरी. डॉक्टर आनंदाने नोंदी करत होत्या. वैजयंता मात्र तो हात बघून तोंड फिरवायची.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो माझा हात नाही," ती म्हणाली. "तो चुन्याला धरून बसलाय."

*

पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्याचा निर्णय झाला. सडा वाचवायचा तर कड्याच्या पायथ्याशी सिमेंटची भिंत घालायलाच हवी होती, आणि भिंत गुहेवरूनच जाणार होती. चार वर्षांची मुदत मिळाली. त्याच्या घड्याळात दहा तासही नव्हते ते.

"त्याला उचलून हलवता येत नाही?" वैजयंताने विचारलं.

"कातडी खडकात रुजलीय. ओढला तर फाटेल. आपण होऊन निघाला तरच सुटेल."

"त्याला वेग देता येत नाही? आपल्यासारखा?"

"एवढं मोठं शरीर आपल्या वेगाने चाललं तर आतल्या उष्णतेने शिजून मरेल," डॉक्टर म्हणाल्या. "उलटं मात्र जमतं."

त्याच्या पायाशी एक पारदर्शक द्रव पाझरत असे. तो द्रव अंगात भिनला की उंदीर, ससे, माकडं मंदावत आणि जिवंत राहत. डॉक्टरांनी त्याला मंदरस नाव दिलं होतं. मंदावलेल्या शरीराला महिन्याकाठी वाटीभर साखरपाणी पुरे. कातडीवर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चकाकता थर चढे आणि ऊनपावसापासून जपे. परत आणायला उताराही होता. एका सुईत प्राणी पहिल्या चालीवर येई.

"माणसावर कधी केलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी सुचवतही नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"मी पुढे चालले तर तो मागे येईल."

"चालता येणार नाही तुला. शरीर मंदावतं, पृथ्वीची ओढ मंदावत नाही. एक पाऊल उचलायला तास लागला तर तू केव्हाच पडलेली असशील. तो पाऊल उचलत नाही. पोटाखाली हजारो बारीक पाय आहेत, त्यांवर सरकतो. तुला तराफ्यावर बसवून आम्हाला ओढत न्यावं लागेल. समोरच्या कासवबेटापर्यंत."

वैजयंताने चेहरा न बदलता मान हलवली. डॉक्टरांना वाटलं ती विचार करते आहे. तिचा विचार केव्हाच झाला होता.

आक्काला सांगायला मात्र तिला आठ दिवस लागले. आक्का तांदूळ निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

"चार वर्सां," आक्का म्हणाली.

"माका दहा तास वाटतले. एक दिवस पण नाय."

"तुझो दिवस. माझी चार वर्सां." खडा सापडला तो आक्काने उंबऱ्याबाहेर टाकला. "कित्याक जातंस गो? खरा सांग. त्याका वाचवक, की त्याच्यासाठी?"

वैजयंता नेहमीसारखी गप्प राहिली. आक्का थांबली. साऱ्या गावात तिच्या उत्तरासाठी थांबणारं तेवढं एकच माणूस होतं.

"माका त्याचो चेहरो हलताना बघूचो आसा," वैजयंता अखेर म्हणाली.

आक्काने सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. "जेवण झाकून ठेवतंय," ती म्हणाली. "चार वर्सांनी गरम करून वाढीन."

*

सुई टोचली तेव्हा सकाळ होती. वैजयंता तराफ्यावरच्या खुर्चीत बसली होती, डॉक्टर काहीतरी विचारत होत्या. त्यांचा आवाज बारीक होत डासासारखा झाला, मग नाहीसा झाला. माणसं अस्पष्ट झाली, पुसली गेली. ऊन झरकन पश्चिमेला गेलं, आणि अंधार झाला, आणि पुन्हा ऊन आलं.

मग दिवसच कुणीतरी हातातला कंदील हलवावा तसा पुढेमागे होऊ लागला. उजेड, काळोख, उजेड. तिने चार श्वास घेतले की एक दिवस जाई. समुद्राला लाटा उरल्या नव्हत्या. तो एक मऊ, पांढुरकं धुकं होऊन किनाऱ्यावर पसरला होता आणि झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वर येत होता, खाली जात होता. भरती, ओहोटी, भरती. चंद्र आकाशात भरत आणि रिता होत पळत होता. कुठेही आवाज नव्हता. आणि मग एक आवाज आला. पाणी वर आलं की दुरून ढोलावर थाप पडावी तसा. एक ठोका.

तिने वर पाहिलं.

दगड नव्हताच तो. डोळे लखलखीत पिवळे होते, ओले होते, आणि ते तिच्या चेहऱ्यावरून फिरत होते, कपाळ, गाल, हनुवटी, काहीतरी इतके दिवस अर्धवट पाहिलेलं पुरतं पाहून घ्यावं तसे. ओठ नसलेलं ते प्रचंड तोंड उघडं पडलं होतं. तिला त्या तोंडाची भीती वाटली; आजवर वाटली नव्हती तेवढी वाटली. आत काळोख होता आणि दातांच्या रांगा होत्या. तिच्या मनात आलं, आता हा मला खाईल, आणि मला पळताही येणार नाही. पण त्याने तोंड मिटलं, मान खाली घातली, आणि चुन्याच्या हातावरचं बोट उचलून तिच्यापुढे धरलं. जवळ आणलं नाही. नुसतं धरलं.

तिने आपला हात त्यावर ठेवला. बोट गरम होतं.

त्याने आवाज काढला, शंखात वारा भरावा तसा. तिने आपलं नाव सांगितलं. त्याने प्रयत्न केला. "वै," तो म्हणाला. पुढचं त्याला जमेना. "वै. वै." तिला हसू आलं. ती हसताना पाहून त्याच्या मानेवरची कालवं खळखळली, आणि तिला वाटलं, हा लाजतोय.

तराफा निघाला. तो खडकापासून सुटला तेव्हा कण्हला, आणि त्याच्या पाठीवरून मातीचे लोट गेले. पण तो थांबला नाही. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं. वाटेत पावसाळा आला. ढग उकळत्या दुधासारखे वर आले, तासाभराची एक राखाडी सर गेली, आणि मागे सगळं हिरवं झालं. त्याने हात तिच्यावर छतासारखा धरला होता. वळून पाहिलं तेव्हा किनाऱ्यावर एक पांढरी रेघ उगवून लांब होत होती. तो बंधारा होता. त्याने त्या रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं असावं.

बेटावर एक सपाट कातळ होता. त्याने तिला तळहातावर घेऊन तिथे ठेवलं आणि भोवती अंग वळवून बसला. आणि तिथे, दोन-तीन मिनिटांनी एकदा, पलीकडच्या दगडावर काहीतरी उमटायचं. तिने निरखून पाहिलं. आक्का होती. कडा थरथरणारी, पारदर्शक आक्का, मांडी घालून बसलेली, मांडीवर डबा. काही सेकंद दिसायची आणि विझायची. पुन्हा दिसायची. आक्का दर रविवारी होडीने यायची आणि दिवसभर एका जागी बसायची, हे वैजयंताच्या हळूहळू ध्यानात आलं. प्रत्येक वेळी आक्काचे केस थोडे अधिक पांढरे असत.

*

मुदत संपली. गुहा सिमेंटखाली गेली, पण तिच्यातला जीव वाचला होता. डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे, परत येतेस का, हा प्रश्न विचारायची तयारी केली. कातळावर आवाज संथ करणारं यंत्र होतं. त्यात वाक्य बोललं की ते लांबवून, तास-दोन तासांत, वैजयंताला समजेल अशा गतीने थरथरवत असे. तिचं उत्तर तसंच टिपून भराभर ऐकता येई.

आक्काला त्या वर्षी छातीचं दुखणं जडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "वैजयंताला सांगूया. तुम्ही आजारी आहात म्हटलं तर लगेच येईल."

"माझ्या दुखण्यान ओढून आणूची नाय तिका," आक्का म्हणाली. "नुसता इचारा. येतंस काय, इतक्याच."

प्रश्न गेला. दुपारी उत्तर आलं. डॉक्टरांनी ते आक्काला ऐकवलं. वैजयंताचाच आवाज होता, जरा घोगरा, पण सुखी.

"एक झोप काढते, मग सांगते."

आक्का हसली. मग तिने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "किती वेळ ता?"

"रात्रभराची झोप," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "तीन वर्षं. जास्तही."

कातळावर वैजयंता त्या राक्षसाच्या तळहातात कुशीवर वळत होती. वळणं इतकं सावकाश की ते दिसत नव्हतं. डॉक्टरांच्या पेटीत उतारा होता. कायद्याच्या लेखी वैजयंता शुद्धीवर नव्हती. तिच्या वतीने जवळच्या नातेवाइकाचा शब्द चाले. म्हणजे आक्काचा.

"तुम्ही हो म्हणालात तर आत्ता सुई देते," डॉक्टर म्हणाल्या. "संध्याकाळी ती तुमच्या हातचं जेवेल."

आक्का उठली, कातळावर चढली. त्या चार डोळ्यांना ती एक फडफड म्हणूनही दिसली नसेल. तिने बहिणीच्या चेहऱ्याजवळ तोंड नेलं. पाळण्यातली वैजू तिने पाहिली होती, शाळेत छडी खाऊन आलेली पाहिली होती, नवऱ्याच्या घरून परतलेली पाहिली होती. हा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता. घाई नसलेला, भीती नसलेला. अर्धे डोळे मिटलेले, आणि ओठांवर हसू यायला नुकती सुरुवात झालेली.

"हसता बघ," आक्का म्हणाली. चकाकत्या कपाळावर तिने हात ठेवला, जरासा, आणि खाली उतरली. "निजांदे तिका."

"आक्का, तुमची तब्येत..."

"माका सगळा कळता." तिने डबा उचलला. "झोपल्याबिगर तिका कधी काय ठरवक जमला नाय."

आक्का पुढे दोन पावसाळे रविवारी येत राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात, होड्या बंद असताना, खानावळीत भाताला आधण ठेवता ठेवता ती गेली. गावाने तिला सड्यावरच अग्नी दिला. बेटावर वैजयंता झोपलेली होती.

*

ती उठली ते पुढच्या वर्षी. यंत्रावर हालचाल दिसली आणि डॉक्टर चांदोरकर बेटावर गेल्या. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, गुडघ्याने अधू झाल्या होत्या. होडीतून उतरताना दोघांनी धरावं लागलं. वैजयंता उठून बसली होती. तिचा चेहरा पलीकडच्या दगडाकडे होता. तिने काय म्हटलं ते डॉक्टरांनी कानाला लावून ऐकलं.

"मी येते. त्याला समजावलंय. आक्काला सांगा, भूक लागलीय. ती आज दिसत कशी नाही?"

डॉक्टर यंत्र मांडीवर ठेवून बसून राहिल्या. येते, असं तिने स्वतः म्हटलं होतं. उतारा दिला की ती पुढच्या क्षणी डोळे मिचकावत समोर उभी राहील, ताजी, झोप झालेली, भूक लागलेली. मग तिला सड्यावर न्यायचं, बंद खानावळ दाखवायची, सांगायचं. आणि तेव्हा मागे वळून ती याच्याकडे पाहील तर तो पुन्हा खडक झालेला असेल. तिच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यात त्याचे चार दिवस.

नाहीतर इथेच सांगायचं, तो हात तिच्याजवळ असताना.

त्यांनी सुई पेटीत परत ठेवली. यंत्र तोंडाजवळ धरून पुष्कळ वाक्यं मनात जुळवली आणि सोडून दिली. मग दोनच शब्द बोलल्या.

"आक्का गेली."

शब्द जायला दोन तास लागले. डॉक्टर छत्री धरून समोर बसल्या. दुपार कलताना वैजयंताच्या कपाळावर एक बारीक आठी दिसू लागली. ऊन तिरपं झालं तोवर भुवया जवळ आल्या होत्या. होडीवाला हाका मारत होता. पाणी फिरलं होतं. कातळाच्या आत खोलवर काहीतरी सुरू झालं, इतक्या खालच्या सुरात, की कानाला कळेना, तळपायांना कळलं. पहिला हुंदका होता तो. आणि तिच्या डोक्यावर, अजून वीतभरही न हललेला, तो प्रचंड हात खाली यायला निघाला होता.

डॉक्टरांनी जन्मभर जे गणित इतरांना समजावलं होतं ते त्यांना आता करावंसं वाटेना, पण ते आपोआप झालं. आईसारख्या बहिणीसाठी माणूस दहा दिवस सुतकात बसतं. त्या दहा दिवसांत डोळे पुरते कोरडे होत नाहीत. हिचे दहा दिवस म्हणजे शंभर वर्षं.

होडीवाल्याने येऊन त्यांना दंडाला धरून उठवलं. "बाई, पायांखाली काय थरथरता हो?" त्याने विचारलं.

"रडतेय," डॉक्टर म्हणाल्या.

"कधी थांबतला?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची मुलं, त्या मुलांची मुलं याच पाण्यात होड्या घालणार होती आणि ही थरथर त्यांना जन्मापासूनच ओळखीची असणार होती, समुद्राचीच म्हणून. त्या त्याचा हात धरून होडीत बसल्या.